डिकीतली तिसरी बॅग

स्पेनला निघालेल्या माणसाने वाटेत दुबई बघू नये. बघायचीच असेल तर पैसे टाकून बघावी. आणि पैसे टाकायचे नसतील तर निदान माझ्या गाडीत बसून बघू नये. आता हे लिहिताना मला थोडं हसू येतं, पण त्या शुक्रवारी सकाळी डोक्यात जी तिडीक गेली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरती उतरलेली नाही.

आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक पुण्यात बँकेत आहे. सहलीचे पैसे नेहमी तिच्याकडे असतात, कारण तिच्याकडे गेलेला पैसा सहजासहजी बाहेर येत नाही. तिला इथे बँकवाली म्हणते. दुसरी माझ्या बाकावरची, म्हणून बाकवाली. पाचवीत तिच्या शेजारी जाऊन बसले ती दहावी संपेपर्यंत उठले नाही. पुढे लग्नं, मुलं, माझं इकडे येणं, या सगळ्यात बऱ्याच जणांशी बोलणं तुटलं, तिच्याशी कधी तुटलं नाही. तिसरी मी. बरीच वर्षं दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनला राहते आणि एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स विभागात काम करते, म्हणजे दिवसभर लोकांना कुठला कागद कमी आहे ते सांगते.

पन्नाशीला आलो की तिघींनीच कुठेतरी लांब जायचं, नवरे आणि मुलं घरी ठेवून, हे केव्हाचं ठरलेलं होतं. स्पेन ठरलं ते बाकवालीमुळे. तिने कुठेतरी वाचलं होतं की सेव्हिल नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं आहेत आणि कुणी संत्री तोडत नाही.

"कडू असतील," बँकवाली म्हणाली.

"असू देत की. झाडाखाली बसायचं नुसतं," बाकवाली म्हणाली, आणि मला ते इतकं आवडलं की मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

पुण्याहून थेट स्पेनचं तिकीट महाग. बँकवालीने शोधून काढलं की दुबईपर्यंत एक तिकीट आणि दुबईहून माद्रिदचं दुसरं असं वेगवेगळं काढलं की बरंच स्वस्त पडतं. शुक्रवारी सकाळी त्या दोघी दुबईत उतरणार, रात्री आम्ही तिघी माद्रिदच्या विमानात बसणार, आणि मधला अख्खा दिवस मी त्यांना दुबई दाखवणार. "फुकटात जेवढी होईल तेवढी," असं तिने ग्रुपवर लिहिलं होतं. मला वाटलं, गंमत करतेय.

सगळं छान जुळलं होतं. फक्त माझा पासपोर्ट माझ्याकडे नव्हता. त्या दोघींचे स्पेनचे व्हिसा तिकडे कधीच होऊन गेले. मला इथे अपॉइंटमेंटच उशिरा मिळाली, आणि तेव्हापासून पासपोर्ट दुबईच्या व्हिसा सेंटरमध्ये अडकून पडला होता. तिथल्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं होतं, "मेसेज आयेगा मॅडम, तभी आना. एनी डे, इन्शाल्ला." शुक्रवारी इथे अर्धा दिवस. दुपारी सेंटर बंद झालं की शनिवार, रविवार सुट्टी आणि मग थेट सोमवार. म्हणजे शुक्रवारी दुपारच्या आत मेसेज आला आणि मी तिथे पोचले, तर मी स्पेनला जाणार. नाहीतर नाही. हे त्या दोघींना मी विमानतळावर पाय ठेवल्याठेवल्या सांगितलं, आणि त्याआधी फोनवरही सांगितलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. मेसेज आला. वेळेत आला. तो आला तेव्हा फोन माझ्या हातात नव्हता.

सकाळी विमानतळावर दोघी बाहेर आल्या त्या हसत, गळ्यात पडत. बाकवालीने आल्याआल्या पर्समधून जुन्या साडीचा फाडलेला काठ काढला, जांभळा, बारीक बुट्ट्यांचा. त्यांच्या बॅगांच्या मुठींना तसलेच तुकडे बांधलेले होते. तिने माझी डिकी उघडायला लावली आणि माझ्या बॅगेलाही एक गाठ मारून दिली. "पट्ट्यावर बॅगा आल्या की तिन्ही लांबून ओळखू येतील," ती म्हणाली. तिन्ही बॅगा डिकीत ओळीने बसल्या. मी दार लावताना मनातल्या मनात म्हटलं, देवा, आता तो एक मेसेज तेवढा पाठव.

मग फोनचं सुरू झालं. एका दिवसासाठी सिम कशाला घ्यायचं, तुझं हॉटस्पॉट आहे की, असं बँकवालीने ठरवून टाकलं. गाडी मी चालवणार, त्यामुळे नकाशा बघायला फोन तिच्याकडे. मग बाकवालीचं म्हणणं पडलं की माझ्या फोनचा कॅमेरा तिच्यापेक्षा चांगला आहे, तर सगळे फोटो त्यातच काढावेत. फोन पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर, मागून पुढे असा फिरत राहिला. मी एकच सांगत होते, मेसेज आला की सांगा गं. हो गं, हो गं, असं दोन्ही सीटवरून यायचं.

इथे फोनवर दिवसभर मेसेज येत असतात. बिर्याणीची ऑफर, दात साफ करण्याची ऑफर, गाडी धुण्याची ऑफर. दर वेळी फोन वाजला की मी मान वळवायचे, आणि दर वेळी बँकवाली मोठ्याने वाचायची, "एकावर एक फ्री शवर्मा." तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तिने वाचणं सोडलं.

नाश्ता आम्ही पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर डबे ठेवून केला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, मेथीच्या दशम्या. सगळं स्पेनसाठी आणलेलं, पण "जरा हलकं होईल" म्हणून त्यातलं थोडं इथे काढलं. चव अशी होती की क्षणभर मी पासपोर्ट विसरले. एक सिक्युरिटीवाला लांबून बघत होता. त्यालाही बाकवालीने पुरी देऊ केली, आणि तो हसून नको म्हणाला.

तिथून तो उंच टॉवर. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो दाखवावाच लागतो, त्यामुळे मला त्याचा मनापासून कंटाळा आहे. पण मी म्हटलं, वर जाऊया, पहिल्यांदाच आलात, माझ्याकडून.

"छे, छे. वर जाऊन काय दिसणार?" बँकवाली म्हणाली. "खालचंच दिसणार ना? मग आपण खालीच आहोत."

आम्ही खाली उभ्या राहून मान मागे टाकून वर बघितलं. माझी मान दुखायला लागली. मग मॉलमधलं मोठं मत्स्यालय काचेच्या बाहेरून बघितलं, कारण बाहेरून बघायला तिकीट नाही. मग एक हॉटेल बाहेरून, एक म्युझियम बाहेरून. प्रत्येक ठिकाणी बाकवाली म्हणायची, "किती छान आहे ना!" आणि मनापासून म्हणायची. तिला खरंच आवडत होतं, हे मला कळत होतं. त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती.

मॉलच्या थंड हवेत उभी असताना मला सुचलं की इथून व्हिसा सेंटर काही फार लांब नाही. मी म्हटलं, "असं करूया का? तुम्ही इथे निवांत फिरा. मी सेंटरच्या खाली गाडीत जाऊन बसते. मेसेज आला की लगेच वर जाता येईल. नाही आला तरी खिडकीवर जाऊन विचारीन, काय करतील, हाकलून देतील."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग बँकवाली म्हणाली, "हो, हो, जा ना तू. आमचं काय, आम्ही बसू कुठेतरी."

बाकवाली म्हणाली, "आमच्यासाठी तू नको अडकून पडूस. आम्हाला इथलं काही कळत नाही, पण बघू आम्ही."

ज्याने आपल्या माणसांच्या तोंडून ही दोन वाक्यं ऐकली आहेत त्याला कळेल की त्यानंतर कुणालाही कुठेही जाता येत नाही. "आम्ही बसू कुठेतरी" म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आई घरी आलेल्या पाहुण्यांना सोडून तापातसुद्धा पडून राहिली नाही. पुण्याहून जागरण करून आलेल्या दोन मैत्रिणींना परक्या शहरात एकट्या टाकून मी गाडीत जाऊन बसले असते, तर ते पुढची वीस वर्षं ऐकावं लागलं असतं, आणि ऐकवणाऱ्यांत मी स्वतःच पहिली असते. म्हणून मी म्हटलं, "छे गं, तसं काही नाही. चला, जुन्या दुबईत, बर दुबईला जाऊया." आणि जन्मात कधी केला नसेल इतका राग मला माझ्याच चांगल्या वळणाचा आला.

बर दुबईला पार्किंग मिळवताना नाकी नऊ आले. बँकवाली म्हणाली, शुक्रवारी पार्किंग फुकट असतं, मी वाचलंय. मी म्हटलं, ते पूर्वी होतं, आता रविवारी असतं. ती म्हणाली, नीट बघ, कुठेतरी लिहिलं असेल. मी गाडी लावली, पैसे भरले आणि काही बोलले नाही. बाकवालीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला माझा न बोलण्याचा आवाज ओळखू येतो.

मंदिराकडच्या जुन्या गल्लीतून गेलो. हार, उदबत्त्या, तांब्याच्या गडव्यांची दुकानं. तिघींना गजरे घेतले, हे त्या दिवशीचं आमचं पहिलं वारेमाप खर्चाचं काम. मग मीना बाजारात साड्यांच्या दुकानांतून नुसत्या बघत फिरलो. एक दुकानदार बिचारा साड्या उलगडून दाखवत होता, आणि बँकवाली प्रत्येकीची किंमत दिरहममध्ये विचारून रुपयांत मोठ्याने सांगत होती. "याच्यापेक्षा लक्ष्मी रोडला स्वस्त!" असं ती त्याच्याच तोंडावर म्हणाली. तो सिंधी होता, त्याला मराठी उत्तम कळत होतं, आणि त्याने हसून सगळ्या साड्या पुन्हा घड्या घालून ठेवल्या.

आणि मग खाडी. पलीकडे जायला लाकडी होडी असते, अब्रा म्हणतात. माणशी एक दिरहम. बँकवालीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा खरा आनंद दिसला. "एक दिरहम म्हणजे, पंचवीस रुपये धरू! अगं, एवढ्यात आपल्याकडे रिक्षावाला बसूसुद्धा देत नाही!" आम्ही होडीत मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसलो. गार वारा होता, डिझेलचा वास होता, पाण्यावर पांढरे पक्षी तरंगत होते. कामावर निघालेली माणसं डबे मांडीवर घेऊन बसली होती. मी असंख्य वेळा पाहुण्यांना घेऊन या होडीत बसले आहे, तरी मला ती दर वेळी आवडते. पण त्या दिवशी माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

बाकवाली फोन घेऊन समोर उभी राहिली. होडीवाला ओरडला, "बैठो, बैठो!" ती एका हाताने खांब धरून माझा फोटो काढायला लागली. "हस ना गं! असं काय तोंड केलंयस, कुणी मेल्यासारखं? हस!"

मी हसले नाही. फोन वाजल्यासारखं मला वाटलं. मी विचारलं, "कशाचा मेसेज आहे गं?"

तिने फोन जरा लांब धरला, डोळे बारीक केले, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काही नाही, तुमची ती ऑफर. बघ इकडे, हस."

पलीकडे उतरून मसाल्यांच्या बाजारात केशराचा वास घेतला. बँकवाली म्हणाली, केशर स्पेनमध्येही मिळतं, इथे घेऊ नका. फक्त वास घेऊन आम्ही परत फिरलो, कारण तिला होडीत पुन्हा बसायचं होतं. त्या फेरीत तिने तिघींचे पैसे स्वतः दिले, हे नमूद करायलाच हवं.

अलीकडच्या काठावर मी म्हटलं, "दे गं जरा फोन." चार्जिंग लाल झालं होतं. नकाशा, फोटो, दोघींचे घरी केलेले व्हिडिओ कॉल, सगळं माझ्या फोनवर. मी सवयीने मेसेज उघडले. शवर्मा, दात, गाडी धुणं, आणि त्यांच्यामध्ये, उघडलेला, वाचलेला म्हणून फिका झालेला, तो. आपला पासपोर्ट नेण्यासाठी तयार आहे. येताना पावती आणावी.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. बँकवाली म्हणते मी तिचं नाव घेऊन किंचाळले, पण मेसेज तर तिने पाहिलाच नव्हता. आम्ही तिघी पन्नाशीच्या बायका, गजरे घातलेल्या, पार्किंगपर्यंत पळत गेलो. बाकवालीचा गजरा वाटेत पडला, ती उचलायला वाकली आणि मग तो तिथेच टाकून आली.

त्या दिवशी मी गाडी जशी चालवली तशी इथे चालवायची नसते. प्रत्येक सिग्नल लाल. बँकवाली पुढे बसून "होईल गं, होईल, इन्शाल्ला" म्हणत होती. बाकवाली मागे होती आणि तिच्याकडून काहीच आवाज येत नव्हता. सेंटर असलेल्या इमारतीच्या दाराशी मी गाडी आडवीतिडवी सोडली, जिने चढून वर गेले. काचेमागचे दिवे मालवलेले. दाराशी एक पाकिस्तानी गार्ड खुर्चीवर बसून जेवणाचा डबा उघडत होता.

"खलास, मॅडम," तो म्हणाला. "अभी अभी बंद हुआ. मंडे."

मी त्याला सांगितलं की आज रात्रीचं विमान आहे. त्याने डबा बाजूला ठेवला, उठून काचेवर टकटक केली, आत कुणी आहे का ते वाकून बघितलं. कुणी नव्हतं. त्याने मला पाणी दिलं. "मंडे पक्का मिलेगा, बहन," असं तो दोनदा म्हणाला, आणि मी खाली आले.

गाडीत दोघी बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना काही विचारावं लागलं नाही. मी दार लावलं, स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि मागून बाकवालीचा हुंदका आला.

"मला वाटलं ऑफर आहे. चष्मा नव्हता गं डोळ्यावर. जवळचा चष्मा बॅगेत, डिकीत आहे. अक्षरं दिसली नाहीत मला. नुसतं सरकवलं मी. माझ्यामुळे झालं सगळं."

ती जी रडायला लागली ती थांबेना. शाळेतही ती अशीच रडायची, श्वास अडकेपर्यंत. आणि मग काय झालं, तर मी मागे वळले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, असू दे. तुझ्यामुळे कसं? माझ्या नशिबात नव्हतं. रडू नकोस बघू." टिश्यू काढून दिला. पाणी दिलं. स्पेन माझं गेलं होतं, आणि समजूत मी तिची काढत होते. बँकवालीही म्हणाली, "बघ, ती किती शांत आहे! तू कशाला रडतेस?" मी शांत नव्हते. मला दोघींनाही गाडीतून खाली उतरवून दार लावून घ्यावंसं वाटत होतं.

"तू नाही तर आम्ही कसल्या जातोय!" बँकवाली म्हणाली. "आम्हीपण नाही जात."

"वेडी आहेस का? तिकिटं काढलीत, हॉटेलं बुक आहेत. तुम्ही जायचं."

"नाही गं, तुझ्याशिवाय काय मजा?"

"मजा करायची. माझ्यासाठी करायची."

हे असं बराच वेळ चाललं. दोन्ही बाजूंनी काय बोलायचं ते आम्हाला पाठ होतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना चालतं तसंच. घे, नको, घे, नको, आणि शेवटी ज्याला घ्यायची आहे तो घेतोच. मी मनात म्हणत होते, आता पुरे, बोलू नका.

विमानाला अजून बराच वेळ होता. मला घरी जाऊन पडायचं होतं, पण अल ऐन काही जवळ नाही, आणि त्यांना विमानतळावर सोडायचं मलाच. तेवढ्यात बँकवालीने विचारलं, "ते नाचणारं कारंजं फुकट असतं ना? आता आलोच आहोत तर." म्हणून आम्ही पुन्हा त्याच टॉवरखाली गेलो आणि गर्दीत उभ्या राहून कारंजं बघितलं. नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वर्षी जाऊ." मुलाचा मेसेज आला, "सो सॉरी आई. बट इट्स जस्ट अ ट्रिप." कारंजं गाण्यावर वर उडत होतं आणि सगळे हात वर करून फोटो काढत होते. बाकवाली माझा हात धरून उभी होती. तिचा हात गार होता.

संध्याकाळी विमानतळाच्या दाराशी गाडी लावली. डिकी उघडली. जांभळ्या काठाच्या तीन बॅगा. बँकवालीने आपली उतरवली आणि ट्रॉली आणायला गेली. मी बाकवालीची बॅग उचलून खाली ठेवली. तिने डिकीत आत वाकून माझ्या बॅगेवरच्या काठाला हात लावला.

"मी नाही जात," ती म्हणाली. "खरंच. मी थांबते तुझ्याबरोबर. सोमवारी पासपोर्ट घेऊ, आणि मंगळवारी आपण दोघी मिळून जाऊ. ती पुढे जाऊन हॉटेल बघेल. मी थांबते."

आता याला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं आहे. वेडी की काय, जा तू, माझी काळजी करू नकोस. दिवसभर मी तेच म्हणत आले होते. पण सकाळपासूनचं सगळं, ती मान, ते मत्स्यालय, ती गाडीतली समजूत, हे सगळं साचत आलं होतं, आणि त्याच्या खाली एक अगदी साधी गोष्ट होती. मला ती हवी होती. स्पेन नसतं झालं तरी चाललं असतं. मला ती दोन दिवस माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर हवी होती.

"बरं," मी म्हटलं. "थांब."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी अगदी नीट बघितलं. आधी काहीच नाही. मग तिची नजर तिच्या बॅगेकडे गेली, दाराकडे गेली, ट्रॉली घेऊन येणाऱ्या बँकवालीकडे गेली. तोंड थोडं उघडलं आणि बंद झालं. बॅगेच्या मुठीवरचा हात तिने सोडला नाही.

"काय झालं?" बँकवालीने विचारलं.

"ही म्हणतेय थांब," बाकवाली म्हणाली, अगदी हळू.

बँकवाली आमच्या दोघींकडे बघून खो खो हसायला लागली. "अगं चेष्टा करतेय ती तुझी! तोंड बघ हिचं! तिकीट नॉन-रिफंडेबल आहे बाई!"

बाकवाली हसली नाही. ती माझ्याकडे बघत वाट बघत होती. मी काय म्हणते यावर तिचं सगळं अवलंबून होतं, आणि पुन्हा एकदा मलाच तिची सुटका करायची होती.

"चेष्टा गं," मी म्हटलं. "जा, पळ. यल्ला."

मग तीही हसली, मीही हसले, तिने मला घट्ट मिठी मारली आणि दोघी ट्रॉली ढकलत आत गेल्या. दारात वळून हात हलवला. मी डिकी लावली. तिसरी बॅग आत होती. अल ऐनच्या रस्त्यावर वळणावर ती एकटी डिकीत इकडून तिकडे घसरत होती, कारण आता तिला आधार द्यायला बाजूला काही नव्हतं.

सोमवारी पासपोर्ट आणला. तोच गार्ड होता, त्याने मला ओळखलं. व्हिसा होता, नीट छापलेला, त्याच तारखांचा. रजाही होती. नवरा म्हणाला, जा की, अजून पाच-सहा दिवस आहेत, त्यांना गाठशील. मी तिकीट बघितलंसुद्धा. मग लॅपटॉप बंद केला. डोळ्यांसमोर येत होता तो तिचा डिकीजवळचा चेहरा, आणि तो चेहरा घेऊन संत्र्याच्या झाडाखाली तिच्या शेजारी कसं बसायचं ते मला कळेना. संध्याकाळी सेव्हिलहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. रस्त्यावर खरंच संत्री होती. बँकवालीने एक चाखून बघितलं होतं. कडू होतं.

आता पुण्याला गेले की आम्ही तिघी भेटतोच, आणि माणसं जमली की बँकवाली हा किस्सा सांगतेच. पुऱ्या, टॉवर, एक दिरहमची होडी, मेसेज, गजरा. ती फार छान सांगते. आणि शेवटी, "हिने काय म्हणावं? बरं, थांब! अगं, हिचं तोंड असं झालं की विचारू नका!" घरातले सगळे हसतात. मीही हसते. बाकवाली मात्र तो किस्सा त्या जागी आला की उठते आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात जाते.